ज्या वर्षी आईने आभार मानले नाहीत

आमच्या घरात कुठलीही गोष्ट आपोआप घडत नसे. पप्पांची टोरांटोला जाणारी सकाळची ट्रेन चुकली, तर ती देवाने चुकवलेली असे, आणि त्या दिवशी रुळांवर किंवा हायवेवर काही बिघडल्याची बातमी येते का हे बघायला आई टीव्ही लावून बसे. बातमी आली की ती पप्पांकडे अर्थपूर्ण बघे. नाही आली तर म्हणे, "आपल्याला कळलं नाही एवढंच." विंटर टायर्स बसवून घेतल्यावर बर्फ पडला तर ती कृपा, बसवण्याआधी पडला तर ताकीद. भाकरी करपली तरी त्यात तिला काहीतरी सुचवलेलं दिसे. मिल्टनमधलं आमचं टाउनहाऊससुद्धा आम्ही शोधलेलं नव्हतं. ते आम्हाला दाखवलं गेलं होतं. एजंटबाई आम्हाला दुसरंच घर बघायला नेत असताना रस्ता चुकली आणि आईला या घराच्या दारात निळ्या झग्यातली मरियेची छोटी मूर्ती दिसली. मूर्ती जुन्या मालकांची होती आणि जाताना ते ती घेऊन गेले. पण तोवर आईचा निर्णय झालेला होता.

हे सगळं मला लहानपणी फार आवडायचं. आपल्यावर कुणाचं तरी बारीक लक्ष आहे, आपल्या डब्यातल्या सँडविचपर्यंत त्याची नजर पोचते, हे ऐकत मी वाढले. चिडायला लागले ते मोठी झाल्यावर. सोळाव्या वर्षी तर इतकी चिडले होते, की आज त्या वर्षाबद्दल लिहायला बसल्यावरही मान आखडते. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी मोठी आहे, आणि तरीही.

आम्ही वसईचे कॅथलिक. पप्पा टोरांटोच्या एका उंच इमारतीत लिफ्ट आणि एसी सांभाळणाऱ्या टीममध्ये होते, आई मिल्टनमध्येच एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये. घरात मी एकुलती एक. बेसमेंटमध्ये अश्विनीताई भाड्याने राहायची. ती सांगलीची. कॉलेज संपवून एका फार्मसीच्या काउंटरवर काम करत होती आणि पीआरची, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बघत होती. आमच्या घराचे आवाज मला अजून ओळीने ऐकू येतात. घर तापवणारी फर्नेस सुरू होताना भिंतीतून येणारा धाप टाकल्यासारखा आवाज, दूरवरून मालगाडीचा लांबलचक भोंगा, फोन स्पीकरवर ठेवून आई आणि तिच्या प्रेयर ग्रुपच्या बायका एका लयीत म्हणत असलेली मराठी रोझरी, आणि या सगळ्यांच्या खालून, व्हेंटमधून वर येणाऱ्या अश्विनीताईच्या कुकरच्या शिट्ट्या. कुकरमागोमाग उदबत्तीचा वास यायचा. वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर तिने पितळेचा एक गणपती ठेवला होता. आई कपडे धुवायला खाली गेली की मशीनचं झाकण हळू लावायची. "त्याच्या डोक्यावर आपटायला नको," म्हणायची.

आई गरोदर राहिली तेव्हा ती बेचाळीस पार केलेली होती. मला भाऊ-बहीण व्हावं म्हणून किती वर्षं तिने नवेना, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, केल्या होत्या आणि मग सोडून दिल्या होत्या. त्यामुळे आता जे झालं ते उशिरा पोचलेलं उत्तर आहे, यात तिला शंका नव्हती. ती लाजायची, हसायची, आणि आठवण आली की वसईची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, मागायची. कुणी गावाहून येणारा असला की केळीच्या सुक्या पानांत गुंडाळलेली ती पुडकी यायची आणि आम्ही तिघं सोफ्यावर बसून ती चघळत बाळाच्या नावावरून भांडायचो. पप्पांना त्यांच्या बापाचं नाव ठेवायचं होतं, इनास. आई म्हणायची, "इथल्या शाळेत कोण म्हणेल नीट? पोराला रोज स्पेलिंग सांगावं लागेल." तिला एडन हवं होतं. मी दोघांच्याही विरुद्ध होते, केवळ मजा म्हणून. मला ते बाळ हवं होतं. मी त्याच्यासाठी माझी खोली अर्धी रिकामी केली होती.

ऑगस्ट संपताना, आठव्या महिन्यात, एके सकाळी आई किचनमध्ये बराच वेळ पोटावर हात ठेवून, बाळ हलतंय का बघत, उभी राहिली. मग थंड पाणी प्यायली, डाव्या कुशीवर आडवी झाली, साखर खाल्ली. मग पप्पांना फोन केला, आणि ते पोचेपर्यंत थांबवेना म्हणून अश्विनीताईने शेजाऱ्यांची गाडी मागून तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. मीही मागच्या सीटवर होते. तिथे पोटाला मशीन लावून बघितलं. ठोके नव्हते.

मुलगा होता. मी त्याला बघितलं. त्याची नखं नीट वाढलेली होती. पुढे तपासण्या झाल्या आणि काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी आई-पप्पांना समोर बसवून, टिशूचा डबा पुढे सरकवून, अगदी मायेने सांगितलं, की कारण काही सापडलं नाही. कधी कधी असं होतं. इट जस्ट हॅपन्स. पप्पांनी मान हलवली. आईने ते वाक्य मला गाडीत पुन्हा इंग्रजीतच म्हणून दाखवलं, जणू त्याचा काही वेगळा अर्थ असेल आणि मला तो येत असेल. "जस्ट हॅपन्स म्हणजे काय गो?" ती म्हणाली. "म्हणजे काय?"

तिला दूध आलं होतं. नर्सने सांगितल्याप्रमाणे कोबीची पानं फ्रिजमध्ये गार करून ती छातीशी ठेवायची. आमच्याकडे कितीतरी दिवस कोबीचा वास होता आणि कोबीची भाजी नव्हती. अश्विनीताई कामावरून आली की वर यायची, मुगाची खिचडी टाकायची, भांडी घासायची आणि जायची. ती काही बोलायची नाही. त्या दिवसांत आमच्याकडे येऊन काही न बोलणारी ती एकटीच होती.

बाकी सगळे बोलत होते. देवाला फुलं आवडतात म्हणून तो खुडतो. पुढे काही मोठं दुखणं असेल बाळाला, त्यातून देवाने वाचवलं. तुझी श्रद्धा किती आहे ते तो बघतोय. आपल्याला आत्ता दिसत नाही, पण त्याची योजना असते. आणि या सगळ्यांत पुढे रोझी आँटी. रोझी आँटी म्हणजे प्रेयर ग्रुपची कर्तीधर्ती बाई. वाईट माणूस मुळीच नाही. आम्ही नवीन आलो तेव्हा तिनेच माझ्यासाठी स्नोसूट आणला होता, गरोदरपणात ती आईला कितीदा तरी गाडीने अपॉइंटमेंटला घेऊन गेली होती. पण तिला गप्प बसता येत नसे. बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, आणि तो न होता गेलेलं बाळ स्वर्गात पोचतं का, हाच काटा आईच्या मनाला सलत होता. फादरांनी सांगितलं होतं, "देवाच्या दयेवर सोपवा, फिलोमिना, आपल्या चर्चची तीच आशा आहे." रोझी आँटी म्हणाली, "आशा आहे गो, पण खात्री कोण देणार? आपण फास्टिंग करू या."

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. मी अकरावीला अमेरिकन हिस्टरी घेतली होती, मैत्रिणीने घेतली म्हणून. शिकवायला मिसेस बेंटली. उंच, किरकोळ, नाकावर चष्मा, लग्नानंतर कॅथलिक झालेली बाई. पहिलाच मोठा धडा प्युरिटन लोकांचा. इंग्लंड सोडून, समुद्र ओलांडून, जंगलाच्या कडेला लाकडी घरं बांधून राहिलेले हे लोक. नाताळ पाळत नसत, चर्चमध्ये ना मूर्ती ना मेणबत्ती, आणि कॅथलिकांचा त्यांना इतका तिटकारा, की आईला कळलं असतं तर तिने पुस्तक बाहेर ठेवायला लावलं असतं. मिसेस बेंटली म्हणाली, "त्यांना समजून घ्यायचं तर एक शब्द समजून घ्या. प्रॉव्हिडन्स." जगात योगायोग नावाची गोष्टच नाही. वाऱ्याची दिशा, गाईचा ताप, पडलेलं झाड, सगळं देव स्वतःच्या हाताने करतो, आणि प्रत्येक गोष्टीतून काही सांगतो. माणसाचं काम ते वाचण्याचं. दुष्काळ पडला, साथ आली, की अख्ख्या गावाने उपास करायचा, आपलं काय चुकलं ते शोधायचं. पाऊस आला की आभाराचा दिवस. मूल विहिरीत पडून वाचलं तर कृपा. बुडालं तर शिक्षा, किंवा परीक्षा, किंवा तुम्ही त्याच्यावर देवापेक्षा जास्त प्रेम करत होतात म्हणून दिलेली समज.

मी वही मिटली. शेजारी बसलेल्या मुलीला वाटलं मला बरं नाही.

माझी अडचण अशी, की मला हे सगळं पाठ होतं. चारशे वर्षांपूर्वीची, काळ्या कपड्यांतली, आमचा द्वेष करणारी ही माणसं आमच्याच सोफ्यावर बसून बोलत होती. आणि त्यांच्या विचारात कुठे फटच नव्हती. काहीही घडो, देव बरोबरच असायचा. वर आणखी एक होतं. तरणार कोण आणि बुडणार कोण हे देवाने जन्माआधीच ठरवलेलं, आणि ते कुणालाच पक्कं कळणार नाही. तान्ह्या बाळाच्या आईलासुद्धा नाही. बाप्तिस्मा झालेला असला तरी नाही. आयुष्यभर खुणा शोधत राहायचं, आपण निवडलेल्यांत आहोत का. मी हे अश्विनीताईला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे पीआरच्या ड्रॉसारखंच की," ती म्हणाली. "निवडणारा दिसत नाही, कटऑफ माहीत नाही, आणि आपण आपले रोज पॉइंट मोजतोय." आम्ही दोघी हसलो. त्या महिन्यात मी तेवढं एकदाच हसले असेन.

मी निबंध लिहिला. विषय होता, प्युरिटन समाजात संकटाचा अर्थ कसा लावत. मी तो असा लिहिला, की प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी तोंडावर मारल्यासारखं होतं. मिसेस बेंटलीने तास संपल्यावर थांबवलं. मार्क चांगले दिले होते.

"यू आर येलिंग ॲट समवन इन धिस," ती म्हणाली. "हू?"

"नोबडी."

तिने आणखी विचारलं नाही. स्वतःचंच सांगितलं. ती मूळची नोव्हा स्कोशियाची. या प्युरिटनांच्या वंशजांतले काही जण पुढे तिकडे येऊन राहिले, त्यातले तिचे पूर्वज. गावाबाहेर जुनी दफनभूमी आहे, तिथे एकाच घरातल्या मुलांचे दगड शेजारी शेजारी आहेत, लहान लहान. "लहानपणी मी तिथे खेळायचे," ती म्हणाली. "ते मूर्ख होते असं मला तेव्हा वाटायचं. आता नाही वाटत. ते बरोबर होते असंही नाही म्हणत मी." मला याचा संताप आला. मला कुणीतरी हे एवढंच सांगायला हवं होतं, की ते चूक होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोझी आँटी आणि आणखी दोघी घरी प्रार्थनेला आल्या. त्यांनी घराण्याच्या मुळाची प्रार्थना केली. म्हणजे मागच्या पिढ्यांत कुणाच्या हातून काही पाप घडलं असेल, त्याचं बंधन तोडायचं. पप्पांच्या आजोबांनी भावाशी शेतावरून वैर धरलं होतं, तेवढं सापडलं. ते पुरेसं वाटेना. मग रोझी आँटीने नाक वर करून वास घेतला. खालून उदबत्ती येत होती.

"फिलू, हे काय गो?"

"अश्विनी आहे. तिची पूजा."

"तुझ्या घरात? तुझ्या छताखाली मूर्ती बसलीय, पूजा चाललीय, आणि तू देवाला विचारतेस, माझ्या घरात हे का झालं?"

मी जिन्यावर होते. मला आईचा चेहरा दिसत होता. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा म्हणेल की वसईला आमच्या आळीत दोन्ही बाजूंना गणपती बसायचे, आरतीचा प्रसाद आमच्याकडे आधी यायचा. ती हे नेहमी सांगायची. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं. बरेच दिवस हरवलेली वस्तू कुणीतरी आणून दिल्यासारखं. आणि मला तिथेच कळलं, की ही आता ते करणार.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः खाली गेली. मी मागोमाग गेले. अश्विनीताई कामावर निघाली होती, बूट घालत होती.

"अश्विनी, महिनाअखेर दुसरी जागा बघशील का?" आई म्हणाली. "आम्हाला बेसमेंट लागणार आहे."

अश्विनीताईने एकदा आईकडे बघितलं, एकदा फळीकडे. ती हुशार होती. "बरं, काकू," एवढंच म्हणाली. मग नाडी बांधता बांधता, "तुमचं पाठीचं दुखणं कसं आहे?"

वर आल्यावर मी आईशी जे भांडले त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण ती उत्तरच देत नव्हती. मी म्हटलं, "शी ड्रोव्ह यू टू द हॉस्पिटल!" मी म्हटलं, "तिने तुझी उष्टी भांडी घासली." मी तिला प्युरिटनांबद्दल सांगितलं, सगळं, एका दमात. कसे ते संकट आलं की घरातला, गावातला अपराधी शोधायचे, कसा तो नेहमी सापडायचा, आणि कसा तो नेहमी बाहेरचा किंवा एकटा असायचा. आई तांदूळ निवडत होती. तिने एकच प्रश्न विचारला. "त्या बायका, मूल गेल्यावर काय करायच्या?"

"शोधायच्या. स्वतःचं काय चुकलं ते."

"आणि मग?"

"मग देवाचे आभार मानायच्या. त्याने धडा दिला म्हणून."

"मूल नेल्याबद्दल?"

"हो."

ती परत तांदूळ निवडायला लागली. मी पप्पांकडे गेले. ते गराजमध्ये होते. बाळासाठी आणलेला पाळणा त्यांनी सुटा करून खोक्यात भरला होता आणि खोकं कुठे ठेवावं हे न कळल्यासारखे उभे होते. "पप्पा, तुम्ही काहीतरी बोला तिला." ते म्हणाले, "तिला जरा शांत वाटलं त्याने, तर…" आणि खोकं दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मला त्या वेळी घरातल्या एकूण एक माणसाचा राग आला. देवाचाही आला असता, पण तो माझ्यासाठी तोवर शिल्लक राहिला नव्हता.

कॅनडात ऑक्टोबरातच येणारा थँक्सगिव्हिंगचा, आभाराच्या सणाचा, सोमवार आला. दर वर्षी प्रेयर ग्रुपच्या बायका आपापल्या कुटुंबांसह कुणाच्या तरी घरी जमत, आणि त्या वर्षी रोझी आँटीने ठरवलं होतं, की ते आमच्याच घरी व्हायला हवं. आईने सकाळपासून फुग्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ आंबायला ठेवलं होतं. टर्की रोझी आँटीने आणली होती, गावचा बाटली मसाला चोळून भाजलेली, आणि सोबत डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंदेल, स्क्वॉशची भाजी, कुणीतरी आणलेला पम्पकिन पाय. बाहेर मेपलची पानं लाल होऊन गळत होती, घरात माणसं दाटीवाटीने बसली होती. खालून खोकी ओढल्याचा आवाज येत होता. अश्विनीताई आवरत होती.

जेवणाआधी सगळ्यांनी हात धरायचे आणि एकेकाने या वर्षी कशासाठी आभार मानतो ते सांगायचं, अशी रीत होती. नोकरी लागली त्याबद्दल. सिटिझनशिप मिळाली. कुणाच्या आईचं ऑपरेशन नीट झालं. मी म्हटलं, "पास," आणि रोझी आँटीने माझ्याकडे दयेने बघितलं. तिची पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटले. "प्रभू, या घरावर तू दुःख पाठवलंस आणि त्यातून तू आम्हाला मार्ग दाखवलास. जे दडलेलं होतं ते उघड केलंस. आता हे घर शुद्ध होतंय, त्याबद्दल तुझे आभार." मग तिने आईचा हात दाबला. आईची पाळी होती.

कुणाचं तरी पोर खुर्चीवर चुळबुळ करत होतं. खाली पुन्हा एक खोकं सरकलं.

"मी या वर्षी आभार मानणार नाही," आई म्हणाली.

रोझी आँटीने डोळे उघडले. "फिलू, असं नाही म्हणायचं गो. सगळ्या परिस्थितीत आभार माना, असं लिहिलंय…"

"माहीत आहे मला. मी आजवर सगळ्याचे मानले. ट्रेन चुकली त्याचेही मानले." तिचा आवाज चढलेला नव्हता. "पण याचे नाही मानणार. देव मोठा आहे. एका बाईने एक वर्ष आभार नाही मानले तर त्याला चालेल."

"त्यामागे कारण असतं गो."

"असेल. ते त्याच्याजवळ राहू दे. तू मला आणून देऊ नको. मी घेतलं एकदा तुझ्याकडून, आणि बघ मी काय करून बसले." तिने हात सोडवून घेतले. "ती पोरगी कुठेही जाणार नाही."

आणि मग पप्पा बोलले. आमचे पप्पा, ज्यांनी गेल्या दीड महिन्यात जेवायला वाढ, दार लाव यापलीकडे एकही वाक्य पुरं केलं नव्हतं. ते टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "इनास. त्याचं नाव इनास होतं." जणू कुणी विचारलं होतं. आईने त्यांच्याकडे बघितलं. एडनचं तिने काही काढलं नाही. "हो," म्हणाली, "इनास."

मग ती उठली, बेसमेंटचं दार उघडून खाली गेली. खाली दोघी काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही. अश्विनीताईनेही नंतर सांगितलं नाही. वर आल्या तेव्हा अश्विनीताईचं नाक लाल होतं आणि हाताला पॅकिंग टेपचा तुकडा चिकटलेला होता. आईने तिला स्वतःच्या शेजारी बसवलं, ताटात फुगे वाढले. "हे गरम आहेत तोवर खा," म्हणाली. रोझी आँटी तोवर कोट घालत होती. "माझं चुकलं असेल तर प्रभू मला दाखवेल," ती दारातून म्हणाली, आणि गेली. टर्की राहिली. आम्ही ती आठवडाभर खात होतो.

इथे हे प्रकरण संपवता आलं असतं तर मला फार आवडलं असतं. सोळाव्या वर्षी मला वाटलं होतं, की आई सुटली. आता ती ट्रेन चुकली तर चुकली म्हणेल. मी मिसेस बेंटलीला सांगायलासुद्धा निघाले होते.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आई म्हणाली, "चल, रोझीकडे जाऊन येऊ." मांडीवर फुग्यांचा डबा. मी नुकतं जी-टू लायसन्स काढलं होतं, गाडी मी चालवत होते. मला वाटलं ती सुनावायला चालली आहे. दार उघडून रोझी आँटी नुसती उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. "मग मी तुला काय सांगायचं होतं गो?" ती म्हणाली. "तुझी हालत मला बघवत नव्हती. मला दुसरं काही येत नाही." आई म्हणाली, "माहीत आहे." दोघी आत गेल्या, चहा झाला, आणि उठताना आईने विचारलं, "शुक्रवारची रोझरी किती वाजता?"

परतताना मी लाल सिग्नलला इतक्या जोरात ब्रेक मारला, की डबा तिच्या मांडीवरून खाली गेला.

"तू परत जाणार? त्यांच्यात? आफ्टर ऑल दॅट?"

"जाणार."

"व्हाय? तू स्वतः म्हणालीस, तुला कारण नको. डॉक्टरनेही सांगितलं, कारण नाही. इट जस्ट हॅपन्ड. का नाही तू ते मान्य करत?"

ती वाकून डबा उचलत होती. सरळ बसायला तिला वेळ लागला. "तुझ्या डॉक्टरने सांगितलं ते मी ऐकलं," ती म्हणाली. "कुणी केलं नाही, असंच झालं. बरं. मग मी भांडू कुणाशी?"

मी डबा तिच्या हातातून घेऊन मागच्या सीटवर ठेवला.

"मला भांडायचंय गो. मोठ्याने. हे तू का केलंस म्हणून. तिथे कुणीच नसेल तर मी हे सगळं घेऊन जाऊ कुठे? तुझ्या पप्पांकडे? तुझ्याकडे? तुला देव नको तर नको, मी तुला ओढणार नाही. पण माझा तू काढून घेऊ नको. मला तो लागतो."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा होऊन किती वेळ झाला होता कोण जाणे. मी गाडी पुढे काढली. मला अजून आठवतं, की मला पटलं नव्हतं. मला एवढंच दिसलं, की याला उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्याने मी आणखीच चिडले. खरं सांगायचं तर आजही माझ्याकडे नाही. मी नंतर बरंच वाचलं, त्या लोकांवर वाचलं, त्यांच्या उपासांवर आणि आभारांवर. जंगलाच्या कडेच्या त्या घरांतून तोच प्रश्न विचारणाऱ्या किती बाया असतील, ज्यांना टेबलावरून हात सोडवून घ्यायची सोय नव्हती. त्यांच्यावर मी सोळाव्या वर्षी जेवढी ओरडले, तेवढं पुन्हा ओरडावंसं वाटलं नाही. पण त्यांच्यात जाऊन बसावंसंही कधी वाटलं नाही.

अश्विनीताई पुढे वर्षभर राहिली. तिचा ड्रॉ लागला तेव्हा आईने तो देवाने लावला असं जाहीर केलं, आणि अश्विनीताईने खाली जाऊन गणपतीपुढे साखर ठेवली. पुढे ती कॅल्गरीला गेली, तिकडेच तिचं लग्न झालं. त्या लग्नात आई-पप्पा तिच्या मावशी-काकांच्या ओळीत बसले होते.

आई खूप जगली. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणातच असायची आणि मी कामावरून रजा काढून तिच्याजवळ राहिले होते. फादर येऊन अखेरच्या आजारातलं पवित्र तेल लावून गेले, तिने सगळ्या प्रार्थना पाठ म्हटल्या. ते गेल्यावर मी विचारलं, "आई, इनासवरून भांडत होतीस त्याच्याशी. मिटलं का?"

ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"मी बोलणं कधी बंद केलं नाही," ती म्हणाली. "आता पाळी त्याची आहे."

मग म्हणाली, उशी जरा वर कर, आणि पडदा ओढ, उजेड डोळ्यांवर येतोय.